पेटीच्या झाकणातला माणूस : हुआन मॅन्युएल फांजिओ

आपल्या शाळेच्या गाड्यांच्या शेडमध्ये माझी हत्यारांची एक जुनी लोखंडी पेटी आहे. तिचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला चिकटवलेलं एक पिवळं पडलेलं चित्र दिसतं. टक्कल पडत चाललेला, रुंद खांद्यांचा, अर्ध्या बाह्यांचा साधा शर्ट घातलेला एक माणूस. गळ्यात धुळीचा चष्मा लोंबतो आहे. नजर कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला कुठेतरी आहे. दरवर्षी सहावीत नवीन आलेली मुलं शेडमध्ये डोकावतात आणि हे तुमचे वडील का, असं विचारतात. मी नाही म्हणतो. मग कोण, हे विचारायचं धाडस साधारण आठवीत येतं.

हा हुआन मॅन्युएल फांजिओ. मोटार शर्यतींचा पाच वेळचा जगज्जेता. चित्र मी लावलेलं नाही. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर म्हणून भरती झालो, तेव्हा ट्रेनिंग सेंटरमधल्या आमच्या उस्तादांच्या पेटीत ते होतं. पेन्शनवर जाताना ते पेटी मला देऊन गेले. रोज सकाळी फर्स्ट परेडला, म्हणजे गाडी सुरू करण्याआधीच्या तपासणीला, ते आम्हाला या माणसाची एखादी गोष्ट सांगत. पुढे मी स्वतः वाचून त्यात भर घातली.

या अंकाच्या मराठी पानासाठी काही लिहा, असा आपल्या मराठी मुलांचा आग्रह होता. घरापासून इतक्या लांब असलेल्या शाळेत मराठी पोरं मोजकीच, त्यामुळे त्यांचं मन मोडवत नाही. आणखीही एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

फांजिओचा जन्म २४ जून १९११ रोजी अर्जेंटिनातल्या बाल्कार्से या गावी झाला. राजधानी ब्युनॉस आयर्सच्या दक्षिणेला सुमारे चारशे किलोमीटरवरचं, बटाट्याच्या शेतीसाठी ओळखलं जाणारं हे गाव. आईवडील दोघांची घराणी इटलीच्या आब्रुझो भागातली, पोटासाठी समुद्र ओलांडून आलेली. वडील गवंडीकाम आणि रंगकाम करत. सहा भावंडांत हुआन चौथा. फुटबॉल उत्तम खेळायचा, पण पाय जरा बाहेरच्या बाजूला वाकलेले होते. त्यावरून पोरांनी त्याला एल चुएको नाव ठेवलं, आपल्याकडे म्हणतील फेंगड्या. जग जिंकून आल्यावरही आपल्या देशात तो चुएकोच राहिला.

शाळा लवकर सुटली आणि गॅरेजमधली उमेदवारी सुरू झाली. आधी झाडलोट, मग पाने आणि नट हातात देणं, मग गाडीखाली झोपून काम. पुढे स्टुडबेकर गाड्यांच्या एका विक्रेत्याच्या कारखान्यात तो पक्का मेकॅनिक झाला. सोळाव्या वर्षी न्यूमोनियाने त्याला असं झोडपलं की घरच्यांनी आशा सोडायची वेळ आली. आईने उशाशी बसून त्याला वाचवलं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. एकविसाव्या वर्षी तो सक्तीच्या लष्करी सेवेत गेला. ब्युनॉस आयर्सजवळच्या कांपो दे मायो छावणीत त्याची गाडी चालवायची पद्धत कमांडिंग ऑफिसरच्या नजरेत भरली आणि त्याने या पोराला आपला ड्रायव्हर नेमलं. जगातला सर्वांत नावाजलेला रेसर एके काळी साहेबांची गाडी हळू, धक्का न देता, वेळेवर नेऊन पोचवणारा साधा शिपाई होता, हे ड्रायव्हर लोकांनी कधी विसरू नये.

लष्करातून परत आल्यावर त्याने मित्रांच्या मदतीने गावात स्वतःचं गॅरेज काढलं. १९३६ मध्ये तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला. गाडी कुठली, तर टॅक्सी म्हणून चालणारी एक फोर्ड, तिचा सांगाडाच काय तो शिल्लक ठेवलेला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पुढे मोठ्या शर्यतींसाठी चांगली गाडी हवी होती आणि पैसे नव्हते. तेव्हा गावाने वर्गणी काढली. गणपतीला काढतात तशी दुकानदार, शेतकरी, मित्रमंडळी सगळ्यांनी भर घातली आणि शेव्हरोले गाडी उभी राहिली.

तेव्हाच्या अर्जेंटिनातल्या शर्यती म्हणजे गुळगुळीत ट्रॅकवर गोल फेऱ्या नव्हेत. १९४० ची शर्यत ब्युनॉस आयर्सहून पेरूची राजधानी लिमा आणि तिथून परत, अशी सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरची होती. धुळीचे रस्ते, वाळवंट, अँडीज पर्वतातले असे घाट की जिथे माणसाचा आणि इंजिनाचा दोघांचाही श्वास कोंडतो. गाडीत ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार मेकॅनिक, बस. बिघाड झाला तर दोघांनीच रस्त्याच्या कडेला बसून तो काढायचा. ही शर्यत फांजिओने जिंकली. १९४० आणि १९४१, दोन्ही वर्षं तो देशाचा रस्ता-शर्यतींचा विजेता होता. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखायचं, गाडीला सोसेल तेवढंच तिच्याकडून मागायचं, ही सवय त्याला तिथे लागली. मग महायुद्धामुळे टायर आणि पेट्रोलची टंचाई झाली, शर्यती बंद पडल्या आणि ऐन उमेदीची वर्षं अशीच गेली.

१९४८ साली पुन्हा एक अजस्र शर्यत निघाली, ब्युनॉस आयर्स ते व्हेनेझुएलातलं काराकास. फांजिओबरोबर नेहमीचा जोडीदार होता, दानिएल उरुतिया. पेरूमध्ये समुद्रकिनाऱ्याजवळच्या भागात, रात्रीच्या धुक्यात, एका वळणावर गाडी रस्ता सोडून कोलांट्या खात गेली. उरुतिया बाहेर फेकला गेला. फांजिओच्या मानेला मार लागला होता. मागून येणारा एउसेबिओ मार्सिया हा स्पर्धक थांबला, शर्यत बाजूला ठेवून त्याने जखमींना दवाखान्यात पोचवलं. त्याबद्दल लोक त्याला पुढे रस्त्यावरचा सज्जन म्हणून ओळखू लागले. उरुतिया वाचला नाही.

त्या रात्रीनंतर शर्यती सोडून द्याव्यात असं फांजिओच्या मनात आलं होतं. स्टिअरिंग त्याच्या हातात होतं आणि जीव जोडीदाराचा गेला. हे ओझं कसं असतं ते मला थोडंफार माहीत आहे, पुढे सांगतो.

तो थांबला नाही. १९४९ मध्ये अर्जेंटिनाच्या ऑटोमोबाइल क्लबने आणि सरकारने मदत करून त्याला युरोपात पाठवलं. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. या वयात बहुतेक खेळाडू निवृत्तीचा हार घालून घेतात. अर्जेंटिनाच्या निळ्या-पिवळ्या रंगाची मासेराती घेऊन त्याने पहिल्याच हंगामात सान रेमो, पो अशा शर्यती एकामागून एक जिंकल्या. ज्यांनी त्याचं नाव ऐकलं नव्हतं त्यांना ते पाठ झालं.

१९५० मध्ये फॉर्म्युला वनची पहिली जागतिक स्पर्धा सुरू झाली आणि इटलीच्या आल्फा रोमिओ संघाने त्याला घेतलं. त्या वर्षीची मोनॅकोची शर्यत आमच्या उस्तादांची सर्वांत आवडती. मोनॅकोत शहरातल्याच रस्त्यांवरून गाड्या धावतात, एका बाजूला इमारती आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. २१ मे १९५०. पहिल्याच फेरीत फांजिओ सर्वांच्या पुढे निघून गेला. त्याच्या पाठीमागे बंदराजवळच्या वळणावर लाटांच्या पाण्याने रस्ता ओला झाला होता. तिथे एक गाडी घसरली आणि मागच्या गाड्या एकमेकींवर आदळत गेल्या. रस्ता जवळजवळ बंद झाला. पुढे गेलेल्या फांजिओला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या फेरीत तो पूर्ण वेगाने त्याच वळणाकडे येत होता. वळणापलीकडचं दिसत नव्हतं. पण त्याला एक गोष्ट खटकली. सर्वांत पुढची गाडी येते आहे आणि प्रेक्षक तिच्याकडे बघत नाहीत! रोज चेहरे दिसायचे तिथे आज डोक्यांच्या मागच्या बाजू दिसत होत्या. त्याच ठिकाणी १९३६ साली झालेल्या तशाच अपघाताचं छायाचित्र त्याने पूर्वी पाहिलं होतं, तेही आठवलं. त्याने ब्रेक दाबला, मागच्यांसाठी हात वर केला, आणि मोडक्या गाड्यांच्या ढिगापाशी तो अगदी हळू पोचला. वाट काढून बाहेर पडला आणि शर्यत जिंकला.

ही गोष्ट मी गाडी शिकवताना दर तुकडीला सांगतो. मुलं विचारतात, एवढ्या वेगात त्याने प्रेक्षकांकडे बघितलं कसं? मी म्हणतो, तो सगळ्याच गोष्टींकडे बघत होता, म्हणून तर वेगळं काय आहे ते त्याला कळलं. रस्त्याकडेची म्हैस कुठे बघते, पुढच्या ट्रकचा क्लीनर बाहेर का वाकला, मुलांचा चेंडू कुठून आला आणि पोरगं अजून का आलं नाही, हे सगळं ड्रायव्हिंगच आहे.

१९५० चं विजेतेपद तीन गुणांनी हुकलं, सहकारी ज्युझेप्पे फरिना विजेता ठरला. १९५१ मध्ये फांजिओ चाळीस वर्षांचा असताना पहिल्यांदा जगज्जेता झाला.

आणि मग १९५२ साली त्याने ती चूक केली, जी आपण सगळे करतो. जूनमध्ये आयर्लंड बेटावर बेलफास्टजवळ त्याची एक शर्यत होती आणि दुसऱ्याच दिवशी इटलीत मोंझाला दुसरी. येईन असा शब्द दिलेला. पॅरिसहून पुढे विमान मिळेना. तेव्हा हा गडी मोटार घेऊन निघाला आणि रात्रभर गाडी चालवत, आल्प्स ओलांडून, शर्यतीच्या जेमतेम अर्धा तास आधी मोंझाला पोचला. सराव नाही, झोप नाही. सर्वांत मागच्या रांगेतून सुरुवात केली आणि दुसऱ्याच फेरीत एका वळणावर गाडी हातची गेली. त्या काळी रेसिंगच्या गाडीत पट्टे नसत. तो बाहेर फेकला गेला आणि मानेचं हाड मोडलं. कित्येक महिने अंथरुणात गेले, हंगामातल्या उरलेल्या सर्व शर्यती हुकल्या. दोष त्याने ना गाडीला दिला ना रस्त्याला. थकलेला माणूस गाडीत बसला, एवढंच त्याचं कारण होतं.

इथे मला माझं सांगितलं पाहिजे. मी नायक होतो. डोंगरी भागात शक्तिमान ट्रक घेऊन परत येत होतो. पहाटेपासून स्टिअरिंग माझ्याच हातात. संध्याकाळी चहाला थांबलो तेव्हा जोडीदार म्हणाला की आता मी घेतो, तू झोप. मला ते कमीपणाचं वाटलं. मी चांगला ड्रायव्हर म्हणून युनिटमध्ये माझं नाव होतं ना! अर्ध्या तासाने माझा डोळा लागला. किती वेळ लागला? कदाचित दोन सेकंद. ट्रक दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूला धडकला, हे नशीब. मला खरचटलंही नाही. जोडीदाराच्या मांडीचं हाड मोडलं. तो आजही थोडा लंगडत चालतो. दर दिवाळीला त्याचा फोन येतो, त्या दिवसाबद्दल तो एक अक्षर काढत नाही. त्याने काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

उस्तादांनी फांजिओच्या मोंझाची गोष्ट मला आधीच सांगितली होती. मी ती ऐकली होती, पण ती माझ्यासाठी आहे असं मला वाटलं नव्हतं.

फांजिओने मात्र तीच चूक दुसऱ्यांदा केली नाही. १९५३ मध्ये तो परतला. इटलीतल्या हजार मैलांच्या मिल्ये मिल्या शर्यतीत त्याच्या गाडीचं स्टिअरिंग बिघडलं आणि पुढच्या दोन चाकांपैकी एकच चाक वळू लागलं. तशी गाडी सांभाळत आणून तो दुसरा आला. १९५४ आणि १९५५ मध्ये बहुतेक शर्यती मर्सिडीजमधून करत त्याने लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. १९५५ च्या जानेवारीत ब्युनॉस आयर्सला एवढा भयंकर उन्हाळा होता की ड्रायव्हर चक्कर येऊन गाड्या एकमेकांच्या हवाली करत होते. तीन तास एकट्याने गाडी चालवून शर्यत पुरी करणारे दोघेच निघाले, फांजिओ आणि रोबेर्तो मिएरेस. तापलेल्या नळीला लागून फांजिओचा पाय भाजत होता, आणि आपण बर्फात उभे आहोत अशी कल्पना करत त्याने तो वेळ काढला, असं तो पुढे सांगत असे.

पण छात्रांनो, तो काळ फार क्रूर होता. १९४८ च्या काराकास शर्यतीचा विजेता दोमिंगो मारिमोन याचा मुलगा ओनोफ्रे फांजिओच्या पंखाखाली वाढत होता. ३१ जुलै १९५४ ला जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर सरावात तो गेला. दुसऱ्या दिवशी फांजिओ तिथे जिंकला, पण त्या विजयात आनंद कसला असणार! ११ जून १९५५ ला फ्रान्समध्ये ल मॉ इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत पिएर लवेगची मर्सिडीज एका गाडीवर चढून प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून जास्त माणसं गेली, लवेगही गेला. फांजिओ त्याच्या मागेच होता. आदळण्याच्या क्षणभर आधी लवेगने हात वर करून इशारा केला आणि त्यामुळेच आपण वाचलो, असं फांजिओ आयुष्यभर मानत आला. मरणाच्या दारातला माणूस मागच्यासाठी हात वर करतो, यापुढे पदकं काय मोठी?

१९५६ मध्ये तो फेरारीकडे होता. मोंझाला शेवटच्या शर्यतीत त्याची गाडी मोडली. त्याच संघातला चोवीस वर्षांचा इंग्रज पोरगा पीटर कॉलिन्स याला त्या दिवशी स्वतःला जगज्जेता व्हायची संधी होती. तो पिटमध्ये आला, फांजिओ उभा दिसला, आणि काही न मागता गाडीतून उतरून त्याने आपली गाडी त्याला दिली. त्या वेळच्या नियमांत हे चालत असे. फांजिओ दुसरा आला आणि चौथ्यांदा जगज्जेता झाला. कॉलिन्सला पुढे कधी विजेतेपद मिळालं नाही.

आता ४ ऑगस्ट १९५७. पुन्हा नुर्बुर्गरिंग. आयफेलच्या जंगलातून चढउतार करणारा जवळपास २३ किलोमीटरचा रस्ता, दीडशेहून जास्त वळणं, आणि अशा २२ फेऱ्या. फांजिओ आता ४६ वर्षांचा आणि मासेरातीच्या लाल गाडीत. त्याची योजना होती की अर्धीच टाकी भरून हलक्या गाडीने पुढे निघायचं आणि मध्ये एकदा थांबून पेट्रोल व टायर घ्यायचे. समोर फेरारीत दोन तरुण इंग्रज, माइक हॉथॉर्न आणि तोच पीटर कॉलिन्स. ते न थांबता जाणार होते.

बाराव्या फेरीअखेर फांजिओ थांबला तेव्हा त्याच्याकडे जवळपास अर्ध्या मिनिटाची आघाडी होती. पण चाक बदलताना एक नट गाडीखाली गेला, शोधाशोध झाली, आणि तो बाहेर पडला तेव्हा दोन्ही फेरारी सुमारे पाऊण मिनिट पुढे होत्या. उरल्या दहा फेऱ्या. सुरुवातीला अंतर तुटेना. मग तुटू लागलं. ज्या वळणांना तो नेहमी तिसरा गिअर वापरी तिथे आता चौथ्यात जाऊ लागला. फेरीचा विक्रम फेरीमागून फेरी मोडत गेला. आदल्या वर्षीचा विक्रम त्याचाच, ९ मिनिटं ४१.६ सेकंदांचा होता. विसाव्या फेरीला त्याने ९ मिनिटं १७.४ सेकंद लावले. एकविसाव्या फेरीत त्याने आधी कॉलिन्सला आणि मग हॉथॉर्नला मागे टाकलं आणि ३.६ सेकंदांनी शर्यत जिंकली. पाचवं विजेतेपद. हरलेले दोघे तरुण त्याला खांद्यावर घ्यायचेच काय ते बाकी होते, इतके खूश होते.

लोक ही शर्यत त्याची सर्वांत मोठी मानतात, मीही मानतो. पण माझ्या मते त्यातली खरी गोष्ट नंतरची आहे. त्या दिवशी आपण आयुष्यभर पाळलेली मर्यादा ओलांडली हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या दोन रात्री त्याला झोप लागली नाही, आणि असं पुन्हा चालवायचं नाही हे त्याने ठरवलं. जागतिक स्पर्धेतला तो त्याचा शेवटचा विजय. ५१ शर्यती, २४ विजय. पाच विजेतेपदांचा त्याचा विक्रम मोडायला मायकेल शूमाखरला २००३ साल उजाडलं.

फेब्रुवारी १९५८ मध्ये तो क्यूबात हवानाला शर्यतीसाठी गेला असताना फिदेल कास्त्रोच्या क्रांतिकारकांनी हॉटेलातून पिस्तुलाच्या धाकाने त्याला पळवलं. सरकारची नाचक्की करणं हा त्यांचा हेतू होता. एक दिवसाहून जास्त वेळ त्याला ठेवून घेतलं, खाऊपिऊ घातलं, आणि शर्यत झाल्यावर अर्जेंटिनाच्या वकिलातीच्या हवाली केलं. त्याने आदळआपट केली नाही, आणि सुटल्यावर कुणाचं नाव घेऊन कुणाला गोत्यातही आणलं नाही. त्या शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसून माणसं दगावली होती.

६ जुलै १९५८ रोजी फ्रान्समध्ये रॅंसच्या शर्यतीत तो चौथा आला. हॉथॉर्न सर्वांत पुढे होता आणि त्याला फांजिओला पूर्ण फेरीने मागे टाकता आलं असतं, पण त्या माणसाला तसं ओलांडायचं नाही म्हणून त्याने ब्रेक दाबला. त्याच दिवशी लुईजी मुस्सो हा इटालियन ड्रायव्हर गेला. गाडीतून उतरताना फांजिओचा निर्णय झालेला होता. निरोप समारंभ नाही, फेरी नाही. तो घरी गेला.

आता हिशेब बघा. चारच आठवड्यांनी पीटर कॉलिन्स नुर्बुर्गरिंगवर गेला. हॉथॉर्न त्या वर्षीचा जगज्जेता झाला आणि त्यानेही शर्यती सोडल्या. जानेवारी १९५९ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, इंग्लंडमधल्या एका साध्या सार्वजनिक रस्त्यावर, पावसात, स्वतःची जॅग्वार वेगाने चालवताना तो मेला. तिथे ना झेंडा होता, ना शर्यतीचा ट्रॅक.

फांजिओ पुढे ३७ वर्षं जगला. मायदेशात मर्सिडीजचा व्यवसाय त्याने सांभाळला, कंपनीच्या अर्जेंटिनातल्या शाखेचा अध्यक्ष झाला. १९८६ मध्ये बाल्कार्सेला त्याच्या नावाचं मोटारींचं संग्रहालय उघडलं. ज्या गावाने वर्गणी काढून गाडी दिली, त्या गावात आता जगभरचे लोक त्याच्या गाड्या बघायला येतात. १७ जुलै १९९५ ला तो गेला. बाल्कार्सेलाच त्याला पुरलं. तो देव नव्हता, हेही सांगतो. आपल्या मुलांना त्याने हयातीत उघडपणे नाव दिलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, न्यायालयाच्या आदेशाने शव उकरून झालेल्या तपासणीनंतर, ते नाव मिळालं. रस्त्यावर काहीही नजरेतून न सुटणाऱ्या माणसाचीही कुठेतरी नजर चुकतेच.

आता सुरुवातीला राखून ठेवलेलं कारण. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की मुलं पेढे घेऊन शेडमध्ये येतात आणि घरून कुठली मोटारसायकल मिळणार ते सांगतात. पालकहो, कौतुक जरूर करा, मीही मुलाला घेऊन दिली. पण हेल्मेट आधी घ्या आणि गाडी नंतर. आणि घरी पोचायला उशीर झाला म्हणून फोनवर रागावू नका. पोरगं घाई करतं ती बऱ्याचदा आपल्याच फोनमुळे.

आणि छात्रांनो, तुम्हाला वेगाची भीती घालायची असती तर मी पाच वेळच्या जगज्जेत्याची गोष्ट सांगितली नसती. वेग त्याच्याइतका कुणाला माहीत होता? पण आपल्या जोडीदाराला घेऊन पेरूतल्या त्या धुक्यात जाण्यापूर्वीचा फांजिओ आणि रॅंसला गाडीतून उतरलेला फांजिओ यांच्यामध्ये दहा वर्षांचं शिक्षण आहे, आणि त्याची फी दुसऱ्यांनी भरली आहे. माझ्या शिक्षणाची फीही माझ्या जोडीदाराने भरली. तुमच्या मागच्या सीटवर जो बसेल त्याच्याकडून ती घेऊ नका. झोप आली तर किल्ली दुसऱ्याला द्या. त्यात कमीपणा नाही.

उद्या सकाळी सहाला फर्स्ट परेड आहे. ज्याला शिकायचं आहे त्याने यावं. आधी तेल, पाणी, हवा, ब्रेक बघू. मग पेटी उघडू, आणि चित्रातला तो माणूस कॅमेरा सोडून कुठे बघतो आहे यावर बोलू.